मशीनला हात कुणी लावला?

काका लॅबमध्ये आले की पहिल्यांदा पंखा बंद करायचे. मे महिना असो, भिंतीपलीकडं भट्टीत टनभर लोखंड उकळत असो, पंखा बंद म्हणजे बंद. मग आम्हा सगळ्यांना खुर्च्यांवरून उठवायचे. मशीन सुरू होताना पडद्यावर ज्या ओळी येतात, त्या वाचताना त्यांना कुणाचा श्वाससुद्धा चालायचा नाही. "बसायचं न्हाई, बोलायचं न्हाई. ते सांगाय लागलंय, ऐका," म्हणायचे. मशीन कसलं काय सांगतंय! काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी सरसर वर जायच्या, एवढंच. काका मात्र हात मागं बांधून, चष्मा कपाळावर चढवून, पडद्यापासून वीतभर अंतरावर ओठ हलवत उभे. त्यातल्या एका दिवशी माझ्या मनात काय चाललं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगते.

मी कोल्हापूरच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत केमिस्ट आहे. काम सांगायला सोपं आहे. भट्टीतलं लोखंड पातळ झालं की त्यातलं चमचाभर काढून त्याची टिकली ओततात आणि घासून माझ्याकडं आणतात. माझं मशीन, स्पेक्ट्रो म्हणतात त्याला, त्या टिकलीवर ठिणगी पाडतं आणि सांगतं, कार्बन एवढा, सिलिकॉन एवढं. मी कागदावर सही केली की मगच लोखंड साच्यात जातं. सही चुकली तर ट्रॅक्टरचा एखादा भाग कुठल्यातरी बांधावर मोडतो, आणि वर बसलेला माणूस खाली येतो. मला रुजू होताना मालकांनी हे एवढंच शिकवलं होतं, आणि ते मला झोपेतसुद्धा आठवायचं.

ह्या मशीनला जोडलेला कॉम्प्युटर म्हणजे एक म्हातारं प्रकरण. विंडोज वगैरे नाही, जुनं युनिक्स. मशीन परदेशातून वापरलेलं आणलेलं, त्याच्याबरोबर हे आलं, आणि ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. नवं घ्यायचा विषय काढला की मालक म्हणायचे, "चालतंय न्हवं? मग चालू दे की." चालायचं ते काकांच्या जिवावर. सत्तरीला टेकलेले, मंगळवार पेठेत राहणारे, जुन्या एम-एटी स्कूटरवरून येणारे. जिल्ह्यात युनिक्स कळणारा हा एकच माणूस उरलाय, असं सगळे म्हणायचे. काकांना साधी सर्दी झाली तरी आम्ही घरी जाऊन विचारपूस करायचो.

बायकोनं शिवलेल्या पिशवीत ते स्वतःचा कीबोर्ड घेऊन फिरत. दुसऱ्याच्या कीबोर्डवर त्यांचा विश्वास नव्हता. मोबाइल होता, पण तो त्याच पिशवीत बंद करून ठेवलेला. आणि लग्नपत्रिका! गावातल्या प्रत्येक मशीनसाठी एक जुनी लग्नपत्रिका, तिच्या कोऱ्या पाठीवर बारीक अक्षरात त्या मशीनची सगळी कुंडली. आमच्या मशीनची पत्रिका गुलाबी होती. पुढं गणपती, मागं आमचे सगळे बिघाड. मी एकदा म्हटलं, "काका, वही घ्या की साधी." तर म्हणाले, "वही हरवती. लग्नाची पत्रिका टाकून द्यायला माणूस घाबरतो."

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे एका वेळी एकच बदल. एक गोष्ट बदलायची, मशीन बंद करून पुन्हा सुरू करायचं, सगळ्या ओळी वाचायच्या, मग दुसरी. घाईत कुणी दोन गोष्टी एकदम केल्या, तर दोन्ही मागं घेऊन पहिल्यापासून सुरुवात. काकू सांगायच्या, आमटी खारट झाली तर पाणी आणि बटाटा एकदम घालू देत नाहीत. "आधी पाणी घाला, चव बघा, म्हणतात. पावणं पाटावर बसल्यात आणि ह्यांची चव चाललीय!" काकू हे हसत सांगायच्या, पण त्या हसण्यात त्यांचं आयुष्यभराचं दमणं होतं.

तिसरा हट्ट सगळ्यात वाईट. काका आत आले, पंखा बंद केला, की विचारायचे, "शेवटचा हात कुणी लावला?" मशीन का बिघडलं हे नाही विचारायचे. कुणी, कधी, काय हलवलं. आणि खरं उत्तर मिळाल्याशिवाय स्क्रू फिरवायचा नाही. लक्ष्मीपुरीत एका छापखान्यात मालकानं "कुणीच न्हाई" म्हणून सांगितलं, तर हे पिशवी उचलून घरी आले. ऐन लग्नसराईत छपाई बंद. मालकाचं हातापाया पडून झालं, गूळ पाठवून झाला. काका हलले नाहीत. चौथ्या दिवशी मालकाचा मेहुणा घरी येऊन म्हणाला, "मीच केबल बदललेली." काका तसेच उठले आणि अर्ध्या तासात मशीन चालू करून आले. हा किस्सा एमआयडीसीत सगळ्यांना माहीत होता. मलाही होता, म्हणूनच त्या दिवशी माझी पाचावर धारण बसली.

तो दिवस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

आमच्याकडं खंडेनवमीला सगळी मशीनं बंद करून धुऊन पुसून पुजतात. कॉम्प्रेसरच्या हवेनं धूळ उडवायची, तेलपाणी करायचं, हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. लेथवाला लेथ पुजतो, भट्टीवाला भट्टी. दसऱ्याला कशालाच हात लावायचा नाही आणि तिसऱ्या दिवशी सगळं सुरू. मी त्या फौंड्रीतली पहिली बाई. रुजू झाले तेव्हा पैजा लागल्या होत्या की ही पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. पहिल्या वर्षी पूजेच्या वेळी सगळ्यांची मशीनं अशी लखलखत होती आणि माझं धुळीनं माखलेलं. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "बाईंच्या मशीनला आंघोळ न्हाई वाटतं." ते माझ्या मनात सलत राहिलं होतं.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी ठरवलं की माझं मशीन सगळ्यात चकचकीत दिसलं पाहिजे. कॉम्प्युटरच्या पेटीवर मालकांनी स्वतः चिठ्ठी चिकटवलेली, 'काकांशिवाय कुणी उघडू नये.' मी उघडली. आत इतकी धूळ की बोटानं नाव लिहावं. कॉम्प्रेसरची नळी आणून सगळी उडवली. स्पेक्ट्रोच्या वायरी ज्या हिरव्या कार्डाला येऊन मिळतात ते कार्ड खोबणीतून उपसून काढलं, त्याचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, कोपऱ्यावर कुंकवाचं बोट टेकवलं, हात जोडले आणि परत बसवलं. मनापासून केलं हो सगळं. वर माळ घातली तेव्हा मला इतका आनंद झाला होता!

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटर सुरू केला. ओळी आल्या, गेल्या, आणि शेवटी एक ओळ अशी आली जी मी आधी कधी पाहिली नव्हती. कार्ड सापडत नाही, ते चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम चढला नाही. बंद करून परत सुरू केलं. तेच. भिंतीपलीकडं भट्टीवरच्या मामांनी पहाटेच भट्टी लावलेली, लोखंड पातळ होऊन तयार. आजूबाजूच्या फौंड्र्या दसऱ्याला जोडून सुट्टीवर, त्यामुळं टिकली दुसऱ्याच्या लॅबमध्ये पाठवायचीही सोय नाही. आमची भट्टी लावलेली, कारण दुपारी दोनला गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर माल बघायला येणार होता.

मालक आले. "काय झालं मॅडम?"

"सुरूच होईना. काय कळंना."

"तुम्ही काय केलं न्हाई न्हवं?"

"न्हाई हो," म्हटलं मी. तोंडातून निघून गेलं. विचार करायच्या आत निघून गेलं आणि मग ते मागं घेता येईना.

काका अकराच्या सुमाराला आले. पिशवी टेबलावर, पंखा बंद, सगळे उभे. मालक, मी, दारात मामा.

"शेवटचा हात कुणी लावला?"

"कुणीच न्हाई काका," मी म्हटलं. "दसऱ्यासाठी बंद केलतं, आज चालू केलं."

काकांनी मान डोलावली. मशीन सुरू केलं आणि ओळी वाचल्या. हे जुनं युनिक्स सुरू होताना हजेरी घेतं, असं ते आम्हाला नेहमी सांगायचे. एकेका कार्डाचं नाव पुकारतं, आणि ते कार्ड ज्या बाकावर बसलंय असं वहीत लिहिलेलं असेल त्याच बाकाकडं बघतं. पोरगं वर्गात असलं पण दुसऱ्या बाकावर बसलं तर गैरहजर. नव्या मशीनांना एवढी अक्कल असते की वर्गभर शोधावं. ह्याला नाही. काकांनी ती शेवटची ओळ गुलाबी पत्रिकेवर उतरवून घेतली आणि पेन कानावर ठेवलं.

"पोरी, नीट आठव. झाडताना, पुसताना, वायर ओढली असशील."

मालक माझ्याकडं बघत होते. "न्हाई," मी म्हटलं.

काकांनी स्क्रू काढले, झाकण उचललं, आत वाकले. मी डोळे मिटून घेतले. कार्डाच्या कोपऱ्यावरचं कुंकू मी कशी विसरले होते देव जाणे! काका तसेच वाकलेले राहिले, किती वेळ कुणास ठाऊक. मग त्यांनी झाकण परत लावलं. चारी स्क्रू बसवले. खुर्ची ओढली आणि बसले. मशीनपुढं बसलेले काका मी पहिल्यांदाच बघत होते.

"काय हो, काय झालं?" मालक.

"मला सांगितलंय एक आणि आत दिसतंय एक. मेळ बसला की उठतो."

"अहो काका, मेळ कसला? भट्टीत लोखंड हाय!"

काकांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

दारातून मामा म्हणाले, "मालक, कार्बन उडाय लागलाय. अजून दीड तास धरीन. त्याच्या फुडं मी जबाबदार न्हाई. वतून टाकाय लागंल सगळं." ओतून टाकायचं म्हणजे जमिनीवर ठोकळे पाडायचे, दिवस गेला, माल गेला, इन्स्पेक्टर हात हलवत परत.

मालकांनी घाम पुसला आणि माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, असं करू. खंडेनवमीच्या आदल्या दिवशीचाच आकडा टाका. माल तोच हाय, मामांचा हात तोच हाय. सही करा, मोकळं होऊ."

त्यांनी कोरा रिपोर्ट माझ्यापुढं सरकवला. माझ्या कानात नुसता भट्टीचा घुमणारा आवाज. एक खोटं बोलून झालं होतं, आता दुसऱ्यावर सही मागत होते. आणि खरं सांगू? मी पेन उचललं होतं. टोपण काढलं होतं. नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, त्या पैजा लावणाऱ्यांपुढून डबा घेऊन कसं बाहेर पडायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. मग तो बांधावरचा माणूस आठवला आणि मी पेनाला टोपण लावून ते टेबलावर ठेवलं.

"मी काढलं," म्हटलं. "खंडेनवमीला मी पेटी उघडली. कार्ड काढून पुसलं, कुंकू लावलं, परत बसवलं. मघापासून खोटं बोलतीय मी."

मालकांचं तोंड लालबुंद झालं. "वाचता येतंय न्हवं तुम्हाला? वर चिठ्ठी कशाला लावलीया मी? उद्यापासनं यायचं न्हाई! कळलं?"

काका उठले. मालक बोललेच नाहीत अशा थाटात त्यांनी झाकण पुन्हा काढलं. "उद्याचं उद्या बघा. आत्ता ही मला पायजे. कंच्या खोबणीतनं काढलंस?"

आणि मला आठवेना! आत सहा खोबण्या. एकीत नेटवर्कचं कार्ड, एकीत मी बसवलेलं हे. राहिल्या चार. धूळ असती तर कुठल्या खोबणीत काय होतं ते दिसलं असतं, पण मी हवा मारून सगळं असं धुऊन काढलेलं की काही मागमूस नाही. पत्रिकेवरही खोबणीचा आकडा नव्हता, कारण इतक्या वर्षांत ते कार्ड कुणी हलवलंच नव्हतं. ड्रायव्हरच्या फाइलीत लिहिलेला आकडा कुठल्या खोबणीचा, हे सांगणारं पुस्तक कंपनीबरोबरच गेलेलं. एकेक खोबणी करून बघायची तर मशीन पुरतं सुरू व्हायला दर खेपेला बारा-तेरा मिनिटं. वर तपासणीला अर्धा तास. मी रडायला लागले. आजवर त्या फौंड्रीत रडले नव्हते, त्या दिवशी रडले.

"रडायला येळ न्हाई," काका म्हणाले. "हितं उभी रहा. डोळं मीट. त्या दिवशी कशी उभी हुतीस? हात घाल आत. जसा घातलेलास तसा."

मी हात घातला. आणि मनगटाजवळ चुरचुरलं. मी डोळे उघडले. उजव्या मनगटावर अर्ध्या बोटाएवढा ओरखडा होता, खपली धरलेला. कार्ड उपसताना पत्रा लागला होता. पूजेच्या गडबडीत मी त्यावर हळद दाबली आणि विसरून गेले होते.

"काढताना लागलं का बसवताना?" काकांनी माझं मनगट उजेडात धरून विचारलं.

"काढताना. बसवताना म्हणूनच मी पत्र्यापासनं लांबची खोबणी बघितली…" बोलता बोलता माझं मलाच उमगलं.

काकांनी स्वतःचा हात आत घालून एकेका खोबणीशी नेला. पत्र्याची धार मनगटाला लागत होती ती एकाच ठिकाणी, अगदी कडेच्या खोबणीत. त्यांनी कार्ड हलवलं, झाकण न लावताच मशीन सुरू केलं. सगळे उभे. मामा भट्टी सोडून दारात. मालक रागात होते, तरी उभे होते. ओळी यायला लागल्या. डिस्क तपासायला नेहमीसारखी घुटमळली. मग हजेरी सुरू झाली, आणि एका ओळीत कार्डाचं नाव आलं, त्याच्यापुढं आकडा आला. काका ओठ हलवत वाचत होते ते थांबले. "आलं," म्हणाले.

मला वाटलं संपलं. पण काकांनी लगेच टिकली लावू दिली नाही. ज्याचा कार्बन आधीच पक्का माहीत आहे असा खात्रीचा तुकडा तीनदा लावायला लावला. तिन्ही वेळा बरोबर आलं, मगच भट्टीतली टिकली. कार्बन दसऱ्याआधीच्या आकड्यापेक्षा बराच खाली निघाला. मामांनी वरून कार्बनची पूड मारली, दुसरी टिकली आणली, ती बरोबर आली. मी सही केली. लोखंड साच्यात गेलं. जुना आकडा टाकून सही केली असती तर काय माल गेला असता हे मालकांनाही कळलं.

मग काकांनी गुलाबी पत्रिका काढली, लिहिलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. मला वाटलं होतं, म्हातारा माणूस आहे, माझी लाज राखेल, लिहील कार्ड सैल झालं होतं म्हणून. कसलं काय! "लॅबच्या बाईंनी खंडेनवमीला कार्ड काढून दुसऱ्या खोबणीत बसवलं. दोनदा विचारलं, दोनदा न्हाई म्हणाल्या. नंतर आपणहून खरं सांगितलं. मूळ जागा कडेची खोबणी." तारीख, सही. मालकांनी ती पत्रिका हातात घेऊन दोनदा वाचली. संध्याकाळी मी डबा भरून निघाले, तर केबिनमधून ओरडले, "उद्या सातला भट्टी लागणार हाय. उशीर नको." एवढंच. पुढं हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

पण मी काकांवर अशी चिडले होते! गेटवर ते एम-एटीला किक मारत होते तिथं जाऊन म्हटलं, "काका, मी खरं सांगितलं की. मग दोनदा न्हाई म्हणाली हे कशाला लिहायचं? जन्मभर राहणार ते."

त्यांनी किक मारायची थांबवली. मग जे सांगितलं ते सांगताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

ते एका कचेरीत कॉम्प्युटर बघायचे तेव्हाची गोष्ट. त्यांनी एका कार्डाच्या ड्रायव्हरची फाइल बदलली आणि एक आकडा चुकला. त्या दिवशी काहीच झालं नाही. मशीन महिनाभर बंदच केलं नव्हतं, मग कळणार कसं? एक दिवस दिवे गेले, मशीन परत सुरू केलं, तर कार्ड सापडत नाही. आदल्या दिवशी रोजंदारीवरच्या शिपायानं झाडायला टेबल सरकवलं होतं. साहेबांनी सगळ्यांना विचारलं. काकांना तोवर स्वतःची चूक कळली होती. बढतीचा कागद वर गेलेला. ते गप्प बसले. कार्ड त्यानंच चोरलं असं ठरवून शिपायाला त्याच दिवशी काढलं. दुसऱ्या दिवशी काकांनी चोरून आकडा दुरुस्त केला, मशीनला कार्ड सापडलं. आणि सगळी कचेरी म्हणाली, बघा, त्यानंच नेलं होतं कार्ड, घाबरून परत आणून लावलं.

"हुपरीचा माणूस, चांदीकाम करणाऱ्यांच्या गावचा," काका म्हणाले. "कार्डाच्या दातांवर सोन्याचा मुलामा असतोय न्हवं? लोकांनी तेवढंच धरलं. बढती मी घेतली न्हाई, वरसात नोकरी सोडली. पण बोललो न्हाई. एकवीस वर्षं झाली. त्याच्या गल्लीच्या तोंडापतोर गेलतो दोनदा. तू आज अर्ध्या तासात बोललीस."

माझा राग कुठल्या कुठं गेला आणि उलट भीतीच वाटली, कारण मघाशी मी त्याच वाटेवर उभी होते. म्हटलं, "रविवारी मला सुट्टी आहे. मी येते संगट."

रविवारी आम्ही हुपरीच्या बसमध्ये बसलो. पट्टणकोडोली गाव गेल्यावर काकांनी माझा हात धरला तो उतरेपर्यंत सोडला नाही. त्या माणसाच्या घरात पुढच्या सोप्यातच चांदीचं काम चाललेलं. पैंजणांच्या कड्या जुळवत तो बसलेला, साठीचा, हसऱ्या चेहऱ्याचा. काकांना बघून उठलाच. "सायब! या की, या. अगं, पाणी आण."

काकांनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. अडखळत, मधे मधे थांबत, पण सगळं. आकडा, टेबल, बढती, दुसऱ्या दिवशीची दुरुस्ती. तो माणूस ऐकून घेऊन चक्क हसला. "अवो सायब, कवाचं काय घिऊन बसलाय! मी इसारलो बी. उलट ते हापिस सुटलं म्हणून हा धंदा लागला. बरंच झालं की माझं."

काकांनी श्वास सोडला. मीही सोडला.

"त्येंचं झालं असंल बरं." आतल्या दारात त्याची बायको तांब्या घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. "त्येस्नी आठवत न्हाई. मला आठवतंय. वरीसभर ह्या गल्लीत कुणी ह्येंच्या हातात चांदी दिली न्हाई. ह्यो कार्डाचं सोनं खरवडून खातोय, त्येच्याकडं कसली चांदी द्यायची, म्हणत. माझ्या पोरींस्नी शाळंत चिडवलं. लगीन ठरंना थोरलीचं."

"अगं, पुरे की आता," नवरा म्हणाला.

"का पुरे?" तिचा आवाज चढला नव्हता. "व्हय सायब, तुम्ही खरं बोलला, चांगलं केलासा. पर हितं बोलून काय उपेग? आम्हाला दोगांस्नी म्हाईतच हुतं ह्येनी काय केलं न्हाई ते. सांगायचं असलं तर भाईर सांगा. गल्लीला सांगा."

मी काकांकडं बघितलं. मला वाटलं ते आता खाली बसतील, किंवा चक्कर येऊन पडतील. त्यांनी तिच्या हातातला तांब्या घेतला, दोन घोट पाणी प्यायले आणि तो परत दिला.

"कुठनं सुरू करू?" त्यांनी तिला विचारलं.

तिनं बोट दाखवलं. काका उंबऱ्याबाहेर गेले, चप्पल न घालताच. मी मागं निघाले, तर त्यांनी हातानं मला थांबवलं. समोरच्या घराचं दार अर्धं उघडं होतं. काकांनी कडी वाजवली.

आतून कुणीतरी विचारलं, "कोण हाय?"